ब्रेक लागला, पण गाडी थांबली नाही

अपघातविभागात आणल्या जाणाऱ्या मोटारचालकाच्या तोंडी एक वाक्य हमखास असते. "डॉक्टर, ब्रेक मारला होता हो, पण गाडी थांबलीच नाही." रात्रपाळीवरचा वैद्यकीय अधिकारी जखमा टाकण्याच्या गडबडीत ते ऐकतो आणि विसरून जातो. वास्तविक ते वाक्य रुग्णाने सांगितलेल्या इतिहासाचाच भाग आहे, आणि इतिहास कसा ऐकावा हे आपल्याला विद्यार्थिदशेतच शिकवलेले आहे. रुग्ण सांगतो ते लक्षण, निदान आपण करावयाचे. 'ब्रेक लागला नाही' हे रुग्णाचे निदान असते आणि बहुतेक वेळा ते चुकीचे असते. ब्रेक व्यवस्थित लागलेला असतो, गाडी थांबतही असते. थांबण्यासाठी जेवढे अंतर लागते तेवढे पुढे शिल्लक नसते, इतकेच.

वैद्यकीय व्यावसायिकांच्या स्मरणिकेत मोटारीच्या ब्रेकवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही व्यवसायबंधूंच्या मनात येईल. २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा त्या वर्षीचा अहवाल सांगतो, आणि त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू 'अतिवेग' या रकान्यात नोंदले आहेत. एखाद्या साथीने एवढे बळी घेतले असते तर तिच्यावर आपण परिसंवाद भरवले असते. परंतु माझे खरे कारण निराळे आहे. गाडी थांबण्याच्या अंतराचा एक मोठा तुकडा यंत्राचा नसून शरीराचा असतो, आणि तो तुकडा आपल्या चिठ्ठीने, आपल्या सहीने आणि आपल्या स्वतःच्या जागरणाने लांबतो किंवा आखडतो.

अडथळा दृष्टीस पडल्यापासून गाडी स्थिर होईपर्यंतच्या अंतराचे दोन भाग पडतात. पहिला भाग पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा, दुसरा पाय पडल्यानंतरचा. पहिल्या भागात गाडी मूळ वेगानेच धावत असते. एका पैशाचाही वेग कमी झालेला नसतो.

या पहिल्या भागाचा शोध मोटारीच्या जन्माआधीच एका वैद्याने लावला, हे आपल्यातील अनेकांना शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गातून आठवत असेल. मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे मोजणे मानवी बुद्धीच्या पलीकडचे आहे, असे योहान्नेस म्यूलरसारख्या थोर आचार्यांचे मत होते. त्यांचेच शिष्य हेल्महोल्ट्झ यांनी १८५० साली कोनिग्जबर्ग येथे बेडकाच्या पायावर तो वेग मोजून दाखवला. तो निघाला सेकंदाला अवघा २७ मीटरच्या आसपास. विजेसारखा क्षणार्धात धावणारा समजला जाणारा चेतासंवेग प्रत्यक्षात इतका मंद! तासाला १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. म्हणजे महामार्गावरील आपली साधी मोटार बेडकाच्या मज्जातंतूतील संदेशाच्या बरोबरीने धावते.

माणसाच्या पायाचे तंतू याच्या दुप्पट वेगाचे असतात. मेंदूपासून पावलापर्यंतचा प्रवास त्यांना काही शतांश सेकंदांचाच पडतो. मग एकंदर प्रतिक्रियेला सेकंद-दीड सेकंद का लागावा? कारण वेळ जातो तो तारेत नव्हे, कचेरीत. रस्त्याच्या कडेला काहीतरी हलले, ते कुत्रे की पिशवी, ते पुढे येणार की थांबणार, आपण ब्रेक दाबावा की चाक वळवावे, एवढा सगळा खल मेंदूत उरकावा लागतो. रस्ते बांधणाऱ्या अभियंत्यांनी या खलाचे आकलन, विचार, भावना आणि संकल्प असे चार टप्पे मानले आहेत. अभियंत्यांच्या पाठ्यपुस्तकात 'भावना' हा शब्द सापडावा याचे मला नेहमी कौतुक वाटते. इंडियन रोड्स काँग्रेस या सगळ्यासाठी अडीच सेकंद धरते आणि त्या हिशेबाने रस्त्यावर पुढचे किती दिसले पाहिजे ते ठरवते. तासाला ६० किलोमीटरसाठी ८० मीटर आणि १०० किलोमीटरसाठी १८० मीटर, असे तिचे कोष्टक आहे. हे आकडे मुद्दाम सावधपणे धरलेले आहेत, हे खरे. तरीही १८० मीटर अंतर एकदा चालून पाहावे. त्याला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो.

अडीच सेकंद जास्त वाटत असतील तर आपण जागरूक, निरोगी चालकाचा दीड सेकंद धरू. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणगुणांक ०.७ च्या आसपास असतो. आता कल्पना करावी की एका वस्तीजवळच्या रस्त्याने दोन मोटारी शेजारी शेजारी जात आहेत. एकीचा वेग ५० आहे, दुसरीचा ६०. उभ्या ट्रकच्या आडून एक मूल अचानक रस्त्यावर येते. दोघे चालक एकाच क्षणी ते पाहतात, दोघेही दीड सेकंदाने ब्रेक पूर्ण दाबतात.

५० च्या वेगाची मोटार दीड सेकंदात सुमारे २१ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी १४ मीटर. ती ३५ मीटरवर थांबते. मूल ३५ मीटरच्या जरा पुढे उभे आहे असे समजू, ते वाचले. ६० ची मोटार प्रतिक्रियेतच २५ मीटर खाऊन बसते. उरलेल्या १० मीटरांत ब्रेक तिचा वेग कितपत उतरवतो? गणित मांडले तर उत्तर येते तासाला सुमारे ४३ किलोमीटर. पहिली मोटार जिथे निश्चल उभी आहे, त्याच रेषेवर दुसरी ४३ च्या वेगाने त्या मुलावर आदळते. वेगातला फरक केवळ दहा किलोमीटरचा होता. हा आकडा मी प्रथम मांडला तेव्हा गणित पुन्हा तपासले. वाचकांनीही तपासावे, शाळेतले गतीचे समीकरण पुरते.

याचे कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते: ५० ला १४ मीटर, तर १०० ला ५६. शिवाय ही ऊर्जा समान हप्त्यांनी, मीटरामीटराने फेडली जाते; वेग मात्र आरंभी सावकाश उतरतो आणि अगदी शेवटच्या काही मीटरांत झपाट्याने. म्हणून 'जवळजवळ थांबलीच होती' ही मोटार प्रत्यक्षात बरीच वेगात असते. ४३ किलोमीटर म्हणजे काय, हे सर्जन मंडळींना समजावे म्हणून सांगतो: सुमारे सात मीटर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीला याच वेगाने भिडते. दुमजली इमारतीच्या गच्चीवरून पडलेले मूल आपण कोणत्या तयारीने स्वीकारतो?

आता दुसऱ्या भागाकडे वळू. ब्रेक मोटार थांबवतो हा एक लोकप्रिय गैरसमज आहे. ब्रेक केवळ चाक थांबवतो. मोटार थांबवतो तो रस्ता. चार टायर मिळून जमिनीला जेवढे टेकलेले असतात ते क्षेत्र साधारण चार तळहातांएवढे असते, आणि मोटारीचा सारा जीव त्या चार तळहातांत असतो. म्हणून टायर गोटा झालेला असताना नव्या ब्रेक-पॅडवर खर्च करणे म्हणजे पायातली चप्पल झिजलेली असताना गुडघ्याला मालीश करण्यासारखे आहे. टायरच्या खाचांत १.६ मिलिमीटर उंचीचे छोटे उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बदलावा, अशी ती खूण. कोरड्या रस्त्यावर त्या नक्षीचा फारसा उपयोग नसतो. ती पाणी बाहेर काढण्यासाठी असते. पाणी निघाले नाही तर टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो आणि मग ब्रेक, चाक, चालकाचे कौशल्य, सारेच अर्थहीन होते.

ओल्या रस्त्यावर घर्षणगुणांक ०.४ पर्यंत सहज उतरतो. तासाला ८० किलोमीटरवर कोरड्या रस्त्यात ब्रेकचे अंतर ३६ मीटर असेल तर ओल्यात ते ६३ होते. आपल्या बेळगाव-खानापूर भागात पाऊस काही कमी नाही. पण सर्वांत घातक असतो तो मृगाचा पहिला शिडकावा. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेले तेल, टायरची भुकटी आणि धूळ यांचा त्या थोड्याशा पाण्यात लगदा होतो. दोन-चार मोठ्या सरी पडून रस्ता धुतला गेला की तो उलट बरा होतो.

गाडीत माणसे भरली की ती थांबायला जास्त जागा लागते, असे सर्वांना वाटते. तत्त्वतः ते खरे नाही. वजन वाढले तर थांबवायची ऊर्जा वाढते, तसा टायरचा रस्त्यावरील दाबही वाढतो, आणि समीकरणातून वस्तुमान गळून पडते. परंतु हे ब्रेक थंड असेपर्यंत आणि टायरमध्ये योग्य हवा असेपर्यंत. ट्रकचे प्रकरण वेगळे आहे. त्यांच्या ब्रेकला हवेचा दाब पोहोचण्यातच काही दशांश सेकंद जातात, आणि भार प्रमाणाबाहेर असेल तर ब्रेकची क्षमताच अपुरी पडते. ट्रकच्या पुढे घुसून अचानक थांबणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

एबीएस ही सोय बॉश कंपनीने १९७८ साली मोटारीत आणली. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ती अनिवार्य झाली. तिच्यामुळे गाडी जादूने लवकर थांबते, ही समजूत अर्धीच खरी आहे. चाके जाम होऊ न देणे हे तिचे काम. जाम झालेले चाक घसरते आणि घसरणाऱ्या चाकाला वळवता येत नाही. एबीएसमुळे पूर्ण ब्रेक दाबलेला असतानाही चाक वळवून अडथळा टाळता येतो, हा तिचा मोठा लाभ. ओल्या रस्त्यावर अंतरही बहुधा कमी होते. पण खडी किंवा सुट्या मातीवर ते थोडे वाढूही शकते. पायाखाली ब्रेक थरथरू लागला की घाबरून पाय उचलणारे चालक मी पाहिले आहेत. ती थरथर म्हणजे यंत्रणा काम करीत असल्याची खूण असते. पाय तसाच दाबून धरावा. मुळात संकटकाळी चालक ब्रेक पुरेसा जोराने दाबतच नाहीत, असे आढळल्यावरून मर्सिडीज कंपनीने १९९६ मध्ये पायाचा झटका ओळखून उरलेला जोर स्वतः लावणारी योजना आणली. रुग्णाला दुखेल म्हणून सुई अर्धवट टोचणाऱ्या नवशिक्या इंटर्नची येथे आठवण होते.

घाटाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आपल्यातील बहुतेकांचे गोव्याला जाणे-येणे चोर्ला किंवा अनमोड घाटाने होते, आणि कोकणात उतरायचे तर आंबोली आहेच. ब्रेक हे ऊर्जा नाहीशी करण्याचे यंत्र नव्हे. ते तिचे उष्णतेत रूपांतर करते. बाराशे किलोची मोटार ८० च्या वेगातून एकदा पूर्ण थांबवली तर ब्रेकमध्ये जी उष्णता निर्माण होते तिच्यावर सुमारे लिटरभर पाणी उकळीला येईल. तीच मोटार पाचशे मीटर उंचीचा घाट केवळ ब्रेकच्या भरवशावर उतरली, तर ८० च्या वेगातून वीस वेळा थांबण्याएवढी उष्णता त्या चार चाकांत ओतली जाते. पॅड तापतात, त्यांचे घर्षण कमी होते, चालक आणखी जोराने दाबतो, ते आणखी तापतात. याहून वाईट म्हणजे ब्रेकचे तेल. ते हवेतील ओलावा शोषून घेते. 'डॉट ४' जातीचे नवे कोरडे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे प्रमाण आहे. ओलावा शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पाय थेट तळाला टेकतो आणि चाकापर्यंत काही पोहोचत नाही. त्या क्षणी 'ब्रेक लागला नाही' हे रुग्णाचे निदान अक्षरशः खरे असते. दमट हवेत राहणाऱ्यांनी दर दोन वर्षांनी ते तेल बदलावे हे म्हणूनच.

उतारावर इंजिन बंद करून किंवा गाडी न्यूट्रलमध्ये टाकून इंधन वाचवण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. एका भाड्याच्या गाडीच्या चालकाला मी यावरून हटकले, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, उताराला पेट्रोल कशाला जाळायचं?" प्रश्न रास्त होता, उत्तर असे की ते जळतच नाही. हल्लीच्या इंजेक्शनच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे इंधन लागतेच. आणि इंजिन बंद केले तर ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात टाकी एक-दोन दाबांत रिकामी होते, त्यानंतरचा ब्रेक दगडासारखा कठीण लागतो. ज्या गिअरने घाट चढावा त्याच गिअरने उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम सर्वस्वी शास्त्रशुद्ध आहे.

रात्रीचा प्रवास हा स्वतंत्र विषय ठरावा. डिपरच्या प्रकाशात गडद कपड्यांतला पादचारी बहुधा तीस-चाळीस मीटरच्या आतच नजरेस येतो. तासाला ६० वर, कोरड्या रस्त्यावर, जागरूक चालकाला ४५ मीटर लागतात. म्हणजे समोरून वाहन येत असल्याने डिपर लावून ६० ने जाणारा माणूस न दिसलेल्या रस्त्यावर गाडी चालवत असतो. आपल्या जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात. मागे दिवा नाही, रेडियमची पट्टी चिखलाने माखलेली, आणि ऊस ट्रॉलीबाहेर हातभर आलेला. साखर कारखान्यांनी हंगामाच्या आरंभी प्रत्येक ट्रॉलीला पट्ट्या लावून घ्याव्यात आणि त्या पुसल्या जातील हेही पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला येणारा खर्च नगण्य आहे.

आता आपल्या अंगणात येऊ. १९९७ मध्ये डॉसन आणि रीड या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 'नेचर' मध्ये एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. सलग सतरा तास जागे असलेल्या माणसाची हात-डोळ्यांच्या समन्वयाची चाचणी रक्तातील ०.०५ टक्के मद्याएवढी ढासळते, असे त्यांना आढळले. चोवीस तासांनी ती ०.१० टक्क्यांच्या पातळीला जाते. ०.०५ टक्के म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. सकाळी सहाला उठून, दुपारी वामकुक्षी न घेता, रात्री अकराला सिझेरियन आटोपून घरी निघालेली स्त्रीरोगतज्ज्ञ या मोजमापाने कायद्याच्या मर्यादेपलीकडे असते, आणि तिच्या तोंडाला वास येत नाही म्हणून कोणी तिला अडवत नाही. २००५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल' मध्ये अमेरिकेतील इंटर्नविषयीचा अभ्यास आला. चोवीस तास किंवा अधिक लांबलेल्या पाळीनंतर घरी जाताना त्यांना अपघात होण्याची शक्यता इतर पाळ्यांच्या मानाने २.३ पट आढळली. निवासी डॉक्टरांच्या वेळापत्रकावर वाद घालताना आपण रुग्णाच्या सुरक्षिततेबद्दल बोलतो. फाटकाबाहेर उभी असलेली डॉक्टरची मोटारसायकल त्या वादात येत नाही.

आणि आपली चिठ्ठी. सर्दीच्या साध्या गोळीतील क्लोरफेनिरामिन मेंदूत शिरते आणि गुंगी आणते. ती आपण वाहनचालकालाही सहज लिहून देतो. डायझेपाम रात्री घेतले तरी त्याचा अंमल दुसऱ्या सकाळपर्यंत रेंगाळतो. अमिट्रिप्टिलिन सुरू केल्यावरचे पहिले काही दिवस, इन्शुलिन घेणाऱ्याची चुकलेली न्याहारी, या सर्वांचा परिणाम समीकरणाच्या पहिल्या भागावर होतो. प्रतिक्रिया अर्ध्या सेकंदाने लांबली तर ६० च्या वेगाला अंतर आठ मीटरांनी वाढते. दोन मोटारींची लांबी. 'जेवणानंतर' हा शब्द आपण दिवसातून शंभरदा लिहितो, 'गाडी चालवू नये' हे शब्द किती वेळा लिहितो? मधुमेहामुळे पावलाची संवेदना गेलेला रुग्ण पेडलवर पाय आहे की बाजूला, हे स्पर्शाने सांगू शकत नाही. त्याला हा प्रश्न विचारावाच लागतो, तो आपणहून सांगत नाही. उजव्या गुडघ्याचे रोपण झालेला गृहस्थ "डॉक्टर, गाडी केव्हापासून चालवू?" असे विचारतो, तेव्हा जखम भरली का एवढेच पाहून चालत नाही, ब्रेक पूर्ववत झटक्याने दाबता येण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात.

डोळ्यांच्या बाबतीत निष्कर्ष अधिक दिलासा देणारे आहेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या वृद्ध चालकांना नंतरच्या वर्षांत अपघात होण्याचे प्रमाण, शस्त्रक्रिया न केलेल्यांच्या मानाने सुमारे निम्मे होते, असे २००२ साली अमेरिकेतील एका अभ्यासात दिसले. उजेडातल्या तक्त्यावर हे रुग्ण बरेच वाचतात. समोरच्या दिव्याची तिरीप आली की मात्र त्यांना काही दिसत नाही. 'अजून पिकला नाही' म्हणून थांबवलेल्या रुग्णाला तो रात्री गाडी चालवतो का, हे विचारलेले बरे.

शेवटी तो कागद. वाहन-परवान्यासाठी चाळिशी ओलांडलेल्या उमेदवाराला 'नमुना १-अ' हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते आपल्या टेबलावर येते, बाहेर रुग्णांची गर्दी असते, सही होते. त्या कागदावर एक प्रश्न आहे: दिवसाउजेडी २५ मीटर अंतरावरून मोटारीच्या नंबरप्लेटवरील आकडे ओळखता येतात का? ५० च्या वेगाला थांबायला ३५ मीटर लागतात, हे आपण वर पाहिले. अक्षरे वाचणे आणि रस्त्यावरचा माणूस दिसणे या दोन गोष्टी एक नव्हेत, त्यामुळे २५ मीटरची कसोटी अगदीच तुटपुंजी म्हणता येणार नाही. पण ती घेतलीच गेली नाही तर तिची चर्चाही व्यर्थ. दवाखान्यासमोरच्या रस्त्यावर कापडी टेपने २५ मीटर मोजून खांबावर एक खूण करून ठेवायला पाच मिनिटे पुरतात, आणि उमेदवाराला तिथे उभे करून समोरच्या गाडीचा क्रमांक वाचायला लावणे कंपाउंडरही करू शकतो. त्याच कागदावर रातांधळेपणाचा प्रश्न वेगळा विचारलेला आहे. तो मात्र उमेदवाराशी दोन शब्द बोलल्यावाचून भरता येत नाही.